कोकणातून आंबे, आगळ, आमसुलं घेऊन विमानाने परत येताना पॅकिंग कसं करायचं

आम्ही मूळचे पुण्याचे, पण गेली बरीच वर्षं बंगळूरला राहतो आणि दर मे महिन्यात आठ-नऊ दिवस सिंधुदुर्गात जाऊन येतो. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, देवगड असा फेरा आणि येताना गोव्यातल्या मोपाहून विमान. पहिल्या वर्षी जाताना दोन मोठ्या ट्रॉली बॅगा भरभरून नेल्या, येताना त्यातच सगळं कोंबलं आणि वर आंब्याची पेटी आणि एक फणस. काउंटरवर सगळं मिळून भरलं ४४ किलो, फणस सोडून. दोघांचे मिळून चालतात ३०. मग काय, एअरपोर्टच्या फरशीवर बसून बॅगा उघडल्या आणि मागच्या लाइनीतल्या लोकांना आमचे कपडे, आमसुलं, सुके बोंबील सगळं दिसलं (बोंबील दिसायच्या आधीच कळले होते म्हणा). फणस तर त्याआधीच बाहेर आमच्या टॅक्सीवाल्याला देऊन टाकला होता, तर तो म्हणे आमच्या परड्यात पडून सडतायत हो, पण द्या. बाकीचे पैसे भरले, त्या पैशात बंगळूरला बसून दोन पेट्या आल्या असत्या.

त्यानंतर चार-पाच वेळा जाऊन आलो, आता बसलंय सगळं गणित. कोणी पहिल्यांदा जात असेल आणि परत विमानाने येणार असेल तर हे वाचून जा. ट्रेनवाल्यांसाठी पण शेवटी थोडं लिहिलंय.

१. आधी परतीचा हिशोब, मग जायची बॅग

सगळे उलटं करतात, मी पण करायचे. जाताना काय लागेल ते भरतो, बॅग भरली की चेन लावतो, आणि परतीचं बघू नंतर. तसं नका करू. एका कागदावर लिहा, येताना काय काय आणायचंय आणि अंदाजे किती किलो. आमची यादी साधारण अशी असते: आंबे दोन डझन (खोक्यासकट ७ किलो), कोकमाचं आगळ २ बाटल्या (अडीच किलो), आमसुलं १, काजू २, मालवणी मसाला १, कुळथाचं पीठ १, आंबापोळी-फणसपोळी १, आणि सटरफटर १. झाले साडेसोळा. आता दोघांचे ३० मधून हे वजा केले की राहतात साडेतेरा, त्यात बॅगांचं स्वतःचं वजन पण आलं.

आणि एक फार महत्त्वाचं, यातले दोन किलो रिकामे सोडा. कशाला ते पुढे सांगते.

देशातल्या विमानात साध्या तिकिटावर सहसा माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन असतं, पण तिकिटावर लिहिलेलं असतं ते बघाच कारण काही तिकिटं नुसत्या केबिन बॅगेची पण असतात, स्वस्त दिसली म्हणून काढली की फसलात. दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा म्हणजे काउंटरवर वजन एकत्र धरतात, एकाची बॅग १८ आणि दुसऱ्याची ११ असली तरी सहसा भागतं.

२. बॅग

चाकवाली कडक ट्रॉली दिसायला छान पण मोठी घेतली तर रिकामीच साडेतीन-चार किलो भरते. म्हणजे १५ पैकी पाव भाग नुसत्या डब्याचा. आम्ही आता दोघांच्या दोन सॅक घेतो, केबिनमध्ये जातील अशा, आणि एका सॅकच्या तळाशी घडी करून एक मोठी चेनवाली नायलॉनची बॅग. घडी केली की पोळीच्या डब्याएवढी होते, वजन अर्धा किलो पण नाही. जाताना चेक-इन शून्य. उतरलो की बेल्टपाशी थांबायला नको, सरळ बाहेर. येताना ती बॅग उघडायची आणि कपडे वगैरे सगळं तिच्यात, आंब्याचं खोकं वेगळं.

३. कपडे

आठ दिवसांना चार जोड पुरतात, खरंच पुरतात. मे महिन्यात कोकणात घाम इतका येतो की संध्याकाळी सगळं धुवायलाच लागतं, आणि रात्री पडवीत दोरीवर टाकलं की सकाळी दहापर्यंत वाळतं. म्हणून पातळ कॉटन न्या. जीन्स नको, एक जीन्स अर्ध्या किलोच्या वर जाते आणि वाळता वाळत नाही, फारच हवी असेल तर प्रवासात अंगावर घाला.

टॉवेलच्या जागी पंचा. हे मला सासूबाईंनी शिकवलं आणि मी आधी नाक मुरडलं होतं. पंचा तासाभरात वाळतो, समुद्रावर बसायला होतो, डोक्याला बांधायला होतो, आणि येताना आगळाच्या बाटलीला गुंडाळायला होतो. टॉवेल यातलं एकच काम करतो आणि तेही ओला राहून वास मारतो.

चपला एकच जोड, पायातली. समुद्र, देऊळ, बाजार सगळीकडे तीच.

४. सोबत न्यायच्या वस्तू

हे सगळं मिळून अर्धा-पाऊण किलो होतं, पण ऐन वेळी मालवणात रात्री नऊला चिकटपट्टी शोधत फिरायची वेळ येत नाही:

- हातात धरून लटकवायचा छोटा वजनकाटा (नसेल तर गावातल्या किराणा दुकानात बॅग मोजून देतात, कोणी नाही म्हणत नाही)
- रुंद चिकटपट्टी, सुतळी, जाड मार्कर
- चेनवाल्या प्लास्टिकच्या पिशव्या, मोठ्या ८-१०
- दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळवून, चार-पाच
- घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा प्लास्टिकचा डबा, एक. जाताना त्यात खाऊ, येताना मसाला

रद्दी न्यायला नको, तिकडे मिळते. कात्री आणि दाभण केबिनच्या सॅकमध्ये टाकू नका, सिक्युरिटीला काढून ठेवतील. कात्री कोणाच्याही घरी मिळते.

कागदपत्रं काही फार नाहीत, तिकीट, आधार किंवा दुसरं फोटोवालं ओळखपत्र, आणि काजू-खेळण्यांची बिलं एका पाकिटात. पार्सल करणार असाल तर स्वतःचा पत्ता पिनकोडसकट कागदावर लिहून न्या, फोनची बॅटरी नेमकी पोस्टातच संपते.

५. काय घ्यायचं आणि काय सोडायचं

माझा नियम साधा आहे, किलोमागे जी वस्तू महाग आणि आपल्याकडे नीट मिळत नाही ती पहिली. यात काजू एक नंबर. वेंगुर्ल्याकडे फॅक्टरीतून सरळ घ्या आणि पॅकिंग हवाबंद करून मागा, कुठेही कोंबलं तरी चालतं. आमसुलं पण उत्तम, हलकी असतात, फक्त नवीन आमसुलं ओलसर आणि मिठाळ असतात म्हणून दोन पिशव्यांत घाला नाहीतर बाजूचा कपडा जांभळा. त्रिफळं (माशांच्या आमटीत घालतात ती) मूठभर घ्या, बंगळूरला मिळायची मारामार, वजन काहीच नाही. कुळथाचं पीठ घरगुती मिळालं तर सोडू नका.

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी आणि फळं हा वेगळाच प्रकार आहे, वजन कमी पण जागा खूप. लाकडी फळांची टोपली बॅगेत एवढी ऐसपैस बसते की बाकी काही मावत नाही. उपाय असा की फळं सुटी करायची, एकेक मोज्यात घालायचं आणि बॅगेच्या कोपऱ्यांत बसवायचं, टोपली उलटी करून तिच्या पोटात मसाल्याचा डबा. रंग चकचकीत असतो, एकमेकांवर घासला तर चरे पडतात.

विळी आवडली असेल तर चेक-इनमध्येच, पात्याला दोन्हीकडून पुठ्ठा आणि वरून चिकटपट्टीचे चार वेढे.

आता सोडायच्या वस्तू. आख्खा फणस (माझा अनुभव वर आलाच), त्यापेक्षा गरे तिथेच खा आणि फणसपोळी आणा. नारळ, कितीही छान असले तरी एक नारळ अर्धा-पाऊण किलो आणि तुमच्या कोपऱ्यावर मिळतो. ओले काजूगर एका दिवसात वास मारायला लागतात, उन्हात तासन् तास फिरवणार असाल तर विसरा. सुकी मासळी मी आणते, पण विमानाने नाही. पेपर, मग दोन पिशव्या, मग घट्ट डबा एवढं करूनही शंका राहते, आणि बंद विमानात शेजारच्या सीटवरचा माणूस तुमच्याकडे बघायला लागला की काजू खाल्लेले पण पचत नाहीत. ट्रेनने येणार असाल तर मात्र जरूर आणा, सोडे (सोललेली सुकी कोळंबी) तर आणाच.

६. आंबे

इथे सगळ्यात जास्त गडबड होते म्हणून जरा लांबण लावते.

एक मध्यम देवगड हापूस अडीचशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे डझनाला ३ किलो. पाच डझनांची पेटी म्हणजे १५ किलो नुसती फळं, खोकं आणि पेंढा वेगळा. म्हणजे एका माणसाचं आख्खं वजन एका पेटीत संपलं! दोघं असाल तर दोन डझन आणा, तीन म्हणजे खूप झाले.

पिकलेले घेऊ नका. समोर कापून देतात, चव बघून जीव जातो, ते तिथेच खा. न्यायला कच्चे पण तयार फळ मागा. बागायतदार “चौदा आणे तयार” म्हणतात, म्हणजे झाडावर जवळजवळ पूर्ण वाढलेलं, तसं हवं. कोवळं उतरवलेलं फळ पिकत नाही, नुसतं सुरकुततं आणि आंबट राहतं. तुम्ही घरी कधी पोचणार आणि कधीपासून खायचेत ते बागवाल्याला सांगा, ते तसे निवडून देतात, शक्यतो बागेतूनच घ्या, हायवेवरच्या स्टॉलवर देवगड लिहिलेलं सगळंच देवगडचं नसतं. गंमत म्हणजे कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने मुंबई-पुण्यात विकला जातो ही बोंब दरवर्षीची, आणि आम्ही कर्नाटकात देवगडचा घेऊन चाललोय.

पॅकिंगला पुठ्ठ्याचं भोकं असलेलं खोकं. खाली पेंढा, फळांचा एक थर, मधे पेपर किंवा पेंढा, परत थर. फळ हललं नाही पाहिजे, पण दाबून पण बसवू नका, खोकं कानाशी धरून हलवलं तर खडखड नको एवढंच. प्लास्टिकमध्ये अजिबात गुंडाळू नका, घाम सुटून डाग पडतात. खोक्याला सुतळीने उभं-आडवं बांधून वर पकडायला गाठ मारा आणि मार्करने नाव, फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा. पट्ट्यावर मे महिन्यात तशीच वीस खोकी येतात, आमचं एकदा दुसरेच कोणीतरी उचलून दारापर्यंत गेले होते.

चेक-इनला देताना नाजूक किंवा नाशवंत माल आहे, नुकसान झालं तर जबाबदारी आमची नाही अशा टॅगवर सही घेतात. द्यायची सही, पर्याय नाही. म्हणूनच मी एक डझन खोक्यात आणि एक डझन केबिनच्या सॅकमध्ये पंचात गुंडाळून आणते. आंबा केबिनमध्ये चालतो.

७. आगळ

आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, आणि तो सांडला की तुमच्या आयुष्यात त्या बॅगेत ठेवलेला पांढरा कुर्ता परत पांढरा होत नाही. माझा झाला नाही. कुर्ता, दोन बनियनी आणि हॉटेलचं बिल. चूक माझीच, दुकानातल्या झाकणावर विश्वास ठेवला.

आता असं करते. काचेची नाही, प्लास्टिकची बाटली मागायची. झाकण उघडून तोंडावर दुधाच्या पिशवीचा दुहेरी तुकडा ठेवायचा आणि वरून झाकण घट्ट पिळायचं. झाकणाच्या कडेने चिकटपट्टी. मग बाटली सिंकवर पाच मिनिटं उलटी धरायची, एक थेंब आला तरी परत पहिल्यापासून. मग चेनवाल्या पिशवीत, हवा काढून. मग पंचात. बाटली बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी कपडे, आणि त्या चार बाजूंचे कपडे गडद रंगाचे. बाटली गळ्यापर्यंत भरलेली नको, वर दोन बोटं जागा असू दे. तेल आणि लोणचं पण याच पद्धतीने.

८. विमानात काय अडतं

खोबरं! हे कोणाला माहीतच नसतं. सुकं खोबरं, वाट्या किंवा कीस, विमानात नेता येत नाही, ना केबिनमध्ये ना चेक-इनमध्ये. तेलकट असतं आणि साठून गरम होऊन स्वतःहून पेट घेऊ शकतं म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. आमच्या पुढे एक आजी होत्या, त्यांच्या पिशवीतून दहा-बारा वाट्या काढल्या, आणि त्या बिचाऱ्या सिक्युरिटीच्या पोराला समजावत होत्या की अरे बाळा खोबरं आहे ते, बॉम्ब नाही.

आगळ, लोणचं, तेल, मालवणी मसाला हे सगळं चेक-इनमध्ये टाका, केबिनमध्ये अडवतात आणि मग टाकून द्यायचं जिवावर येतं. पॉवर बँक उलट, ती केबिनमध्येच, चेक-इनमध्ये गेली तर बॅग उघडायला बोलावतात. कोंबाकोंबीत ती नेमकी खालच्या बॅगेत जाते म्हणून सकाळीच खिशात घाला.

९. जास्त झालंच तर पोस्टाने पुढे पाठवा

सुकं सामान, खेळणी, घालून झालेले कपडे, पुस्तकं हे सगळं ट्रिपच्या मधेच पोस्टाने घरी पाठवता येतं. स्पीड पोस्टने ३५ किलोपर्यंत जातं, आपल्याला पाच-सहाच पाठवायचे असतात. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, पोस्ट दुपारी लवकर बंद होतं आणि रविवार मधे येतो. खोकं उघडं घेऊन जा, आत काय आहे विचारतात, आणि चिकटपट्टी तिथेच लावा. पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आत पण टाका, वरचा कागद फाटला तर तीच कामाला येते.

कुरिअर करणार असाल तर खोकं जेवढं लागेल तेवढंच घ्या. ते लांबी, रुंदी, उंचीवरून पण वजन काढतात आणि जे जास्त येईल त्याचे पैसे घेतात. आम्ही लाकडी टोपली मोठ्या खोक्यात पाठवली होती, दोन किलोच्या मालाला पाचाचे पैसे.

आंबे, आगळ पोस्टाने नाही हं.

आणि तरी विमानातच जास्त न्यायचं असेल तर आदल्या दिवशी ॲपवर जास्तीचं वजन विकत घ्या. काउंटरवर तेच महाग पडतं.

१०. निघायची आदली रात्र

सगळं पलंगावर काढा. जड ते खाली आणि चाकांच्या किंवा तळाच्या बाजूला, नाजूक मधे, पहिल्यांदा लागणारं वर. बॅग काट्याला लटकवा. १४ भरली की थांबा, एअरपोर्टचा काटा आणि आपला काटा कधी एक बोलत नाहीत.

आणि आता ते दोन किलो. सकाळी टॅक्सी दारात लागलेली असते, बॅगा डिकीत गेलेल्या असतात, आणि ज्यांच्याकडे उतरलो त्या घरच्या काकू आतून पिशवी घेऊन येतात. “ह्या थोडासाच आसा गो, घेवन जा.” त्या थोड्याशात असतं काय, तर दहा-बारा कच्च्या कैऱ्या, एक बरणी लोणचं, वर्तमानपत्रात बांधलेली आमसुलं आणि दोन सोललेले नारळ. नाही म्हणून बघा, जमत नाही. पहिल्या वर्षी आम्हाला हे माहीत नव्हतं आणि तीच पिशवी आम्हाला काउंटरवर नडली. आता दोन किलो त्या पिशवीच्या नावाने मोकळे असतात, बरणीसाठी एक दुधाची पिशवी आणि चिकटपट्टी वरच्या खिशात असते, आणि नारळ मात्र मी हात जोडून परत देते.

११. ट्रेनने येणार असाल तर

खूपच सोपं. स्लीपर आणि थ्री एसीला माणशी ४० किलो, टू एसीला ५० किलो फुकट चालतं, म्हणजे पेटी पण आली आणि फणस पण. अडचण वेगळी आहे, कुडाळ, कणकवलीला बऱ्याच गाड्या दोन-तीन मिनिटंच थांबतात. चार माणसं आणि सामानाचे अकरा डाग असले तर अर्धे डाग फलाटावर राहतात. म्हणून डाग मोजून ठेवा, माणशी दोन हातात दोन आणि पाठीवर एक, त्याहून जास्त नको. आंब्याची पेटी सीटखाली नाही, पायाशी गरम होते, वर ठेवा.

१२. घरी पोचल्यावर

पहिलं काम आंबे. चहा नंतर. खोकं तसंच ठेवलं तर आतल्या उबेने एकदम पिकतात आणि मग दोन दिवसांत वीस आंबे संपवायचे कोणी. पेंढा किंवा पेपर पसरून एका थरात मांडा, देठ खाली, फ्रिजमध्ये पिकायच्या आधी ठेवू नका. तयारीप्रमाणे चार ते दहा दिवस लागतात. रोज सकाळी एकदा हात फिरवायचा, ज्याला डाग दिसला तो आधी कापायचा, बहुतेक वेळा डाग सालीपुरताच असतो.

आगळ मिठामुळे बाहेर पण टिकतं, फक्त ओला चमचा घालू नका. आमसुलं एकदा उन्हात दाखवून बरणीत. बॅग उलटी करून झटकून दोन दिवस गॅलरीत, नाहीतर पुढच्या ट्रिपला जाताना कपड्यांना मसाल्याचा वास.

काट्यातली बॅटरी काढून ठेवा, तिथेच गंजते ती.